ठकीचं नाव कोणत्या पटावर?

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

फोनवर तू दर वेळी विचारतेस, ठकी शाळेत काय म्हणते, आणि मी "बरं चाललंय" म्हणून विषय बदलते. आमच्या दोन खोल्यांत कितीही हळू बोललं तरी ठकीचे कान टवकारतात. म्हणून हे पत्र. मधल्या सुट्टीत उभ्याउभ्या वाचू नकोस, नीट बसून वाच.

ठकी नोव्हेंबरपासून शाळेत जात नाही. मी तिला घरीच शिकवते.

इथल्या वर्गात बाहेर जायचं असेल तर हात वर करून इथल्या भाषेत पूर्ण वाक्य बोलावं लागतं. चुकलं तर बाई ते पुन्हा म्हणायला लावतात. पोरांची भाषा सुधारावी हाच हेतू, बाई काही वाईट नाहीत. पण ठकी नऊ वर्षांची. या देशात येऊन तिला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एकदा तिचं वाक्य तीनदा चुकलं, वर्ग हसला. त्यानंतर तिने हात वर करणंच सोडलं. आणि सकाळी पाणी पिणंही सोडलं. मला काय कल्पना! पाण्याची बाटली भरलेली परत यायची आणि मी तिलाच बोलायचे, "जड झाली होती का गं बाटली?" मग ताप आला, लघवीला जळजळ, डॉक्टर, औषधं. डॉक्टरांनी विचारलं, ही दिवसभर धरून ठेवते का? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आठ दिवसांनी शाळेत पाठवली आणि त्याच दिवशी, चित्रकलेच्या तासाला, व्हायचं ते झालं. बाईंनी कुणाची तरी सुकी पँट घालून घरी पाठवली. ओले कपडे पिशवीत, पिशवीला छान गाठ. दुसऱ्या दिवशी ठकीने दाराची चौकट धरली ती सोडेचना. मी एकेक बोट सोडवत होते. चौथ्या बोटाला मीच थांबले.

शाळेला कळवलंय, त्याची काळजी नको.

आता कामाचं बोलते. ह्यांच्याबरोबर लिफ्टच्या कामावर एक जुना माणूस आहे, आपल्याकडचाच. तो म्हणाला, आपण परके नागरिक, आपल्या पोरांना इथला शाळेचा कायदा लागत नाही. आपल्या देशात कुठल्या तरी शाळेच्या पटावर नाव असलं की कुणी विचारत नाही. तर ताई, तुझ्या शाळेत चौथीच्या पटावर ठकीचं नाव चढव आणि इंग्रजीत एक दाखला पाठव, शिक्क्यासकट. तू मुख्याध्यापिका आहेस, तुला कोण अडवणार? जमली तर पुस्तकंही पाठव.

तुझी,
बारकी


२४ जानेवारी

प्रिय बारके,

पत्र बसूनच वाचलं. अर्ध्यापर्यंत रडले आणि शेवटाला आले तेव्हा चिडले.

आधी ठकीबद्दल. चौथ्या बोटाला थांबलीस, चांगलं केलंस. त्या दिवशी मी असते तर मीही थांबले असते, आणि असं मी लिहितेय म्हणजे बघ. औषधं पूर्ण दिलीस ना? पाणी पितेय ना?

आता दाखल्याबद्दल. मिळणार नाही. चौतीस वर्षं झाली मला या नोकरीत, पुढच्या मार्चला सुटेन. या चौतीस वर्षांत न आलेल्या पोराची हजेरी मी मांडलेली नाही. संस्थेच्या अध्यक्षांच्या नातवाचीही नाही, आणि त्यावरून माझी बढती तीन वर्षं अडली होती, आठवतंय ना? मग माझ्या भाचीची कशी मांडू? आणि समजा मांडली. तिथल्या कुणी उलट टपाली विचारलं, ही मुलगी तुमच्याकडे रोज बसते का, तर मी काय लिहू?

दुसरं. कामावरच्या माणसाने सांगितलं म्हणतेस. तो लिफ्ट दुरुस्त करतो की कायदा? तुम्ही रस्त्यावर त्यांच्या नियमाने चालता, भाडं त्यांच्या नियमाने देता, मग पोरीची शाळा तेवढी कशी सुटेल? आधी नीट चौकशी कर. आपल्या वकिलातीत विचार, तिथल्या एखाद्या वकिलाला विचार. आपल्याकडे पोरगं घरी बसवून बाहेरून परीक्षा देता येते, पण म्हणून तिथेही चालतं असं नाही.

रागावू नकोस, पण एक विचारते. दाराची चौकट ठकीने सोडली असेल एव्हाना. तू सोडलीस का?

पुस्तकं वेगळ्या पार्सलने पाठवली आहेत. गणिताच्या पुस्तकात शेवटची आठ पानं नाहीत, दुकानात तसंच होतं.

लिफ्टवाल्यांना नमस्कार.

तुझी ताई


१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

पुस्तकं पोचली. दाखला नाही देत तर नको देऊस, पण चौकटीचं ते वाक्य लागलं मला. तू शाळेतून घरी येतेस तेव्हा शाळा शाळेत ठेवून येतेस. मी चोवीस तास इथे आहे.

आमचा दिवस कसा जातो ते ऐक, मग बोल. आठला ठकी टेबलाशी बसते. टेबलाचा अर्धा भाग तिचा, अर्धा माझा. माझ्याकडे दवाखान्यांतून दातांचे साचे येतात, त्यावरून मी कवळ्या आणि कॅपा करून देते. पूर्वी सकाळी प्रयोगशाळेत जायचे, आता काम घरी आणते. पैसे कमी मिळतात, चालतंय. प्लास्टर कालवायचं असलं की ठकी प्रमाण काढते. शंभर ग्रॅमला तीस मिली पाणी, तर चाळीस ग्रॅमला किती? तिची त्रैराशिकं अशी पाठ झाली. परवा तिने एका आजोबांची खालची दंतपंक्ती बघून सांगितलं, "आई, हे डाव्या बाजूनेच चावतात." बरोबर होतं! ताई, मला इतका आनंद किती वर्षांत झाला नव्हता. आपल्या शाळेत मी कशी मागच्या बाकावर, तुझी बहीण म्हणून सगळ्यांचे टोमणे खात. आता वाटतं, मी चांगली शिक्षिका झाले असते.

चारला इमारतीतली पोरं शाळेतून येतात तेव्हा ठकी खाली अंगणात जाऊन बसते. जरा हवा खाते. सहाला वर.

वकिलातीत विचारलं. खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, आम्ही पासपोर्टचं बघतो. राहता तिथला कायदा तुम्हीच पाळायचा." म्हणजे कायदा काय आहे ते त्यालाही ठाऊक नाही. वकिलाला विचारायला गेलं तर उगाच नजरेत येऊ, म्हणून हे नको म्हणाले. ह्यांना हल्ली झोप नाही. जिन्यात अनोळखी पाऊल वाजलं की दोघंही बोलायचे थांबतो.

सोबत ठकीचं पत्र आहे. मराठी लिहायचा सराव म्हणून मीच बसवलं, तर म्हणाली, "मावशीला लिहिते, पण तू वाचायचं नाही." पाकीट तिनेच चिकटवलं, अर्धी डिंकाची बाटली संपवून. शुद्धलेखन तपासून कळव.

तुझी,
बारकी


२६ फेब्रुवारी

प्रिय बारके,

ठकीचं पत्र मिळालं. शुद्धलेखनाच्या अकरा चुका. मजकूर उत्तम.

चौकटीचं लिहिलं ते मागे घेते.

तिच्या शाळेचं नाव, पूर्ण पत्ता आणि तिथल्या मुख्याध्यापिकेचं नाव मला लगेच पाठव. शाळेच्या कागदपत्रांसाठी लागेल. आणि ठकीला सांग, मावशीने वाचलं, आणि मावशी बघते.

तुझी ताई


११ मार्च

ती. ताईस,
सा. न.

मला माहीत होतं तू विरघळशील! नाव-पत्ता मागे लिहिलाय, मुख्याध्यापिकाबाईंचं नाव तीनदा तपासून. दाखल्यात ठकीची जन्मतारीख नीट घाल. हे सुद्धा काल कितीतरी दिवसांनी हसले. तुझे उपकार मी विसरणार नाही.

ठकीला तुझा निरोप दिला. नुसती मान हलवली आणि अंगणात पळाली.

तुझी,
बारकी


९ एप्रिल

ताई,

नमस्कार वगैरे लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी दहाला बेल वाजली. दारात शिक्षण खात्याच्या बाई, हातात फाइल, बरोबर दुभाषा. माझे हात प्लास्टरने पांढरे झालेले, ठकी टेबलाशी नदीचा नकाशा काढत होती. बाई सभ्य होत्या. बूट काढू का म्हणून विचारलं. टेबल बघितलं, वह्या बघितल्या, चांगल्या आहेत म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "आमच्या नोंदीप्रमाणे ही मुलगी नोव्हेंबरात तुमच्या देशात परत गेली आहे."

हो. मी शाळेला तसं कळवलं होतं. तुलाही ते सांगितलं नव्हतं. आजारी, आजारी म्हणून किती दिवस सांगणार? लिहिलं, तिला मावशीकडे पाठवलं.

"मग ही कोण?" बाईंनी विचारलं. हातावरचं प्लास्टर सुकत होतं, तेच खरवडत बसले.

ताई, मग त्यांनी फाइल उघडली आणि वर तुझं पत्र होतं. तुझं अक्षर, शाळेचा शिक्का, खाली सही. ज्या मावशीकडे मी ठकीला पाठवली म्हणून लिहिलं, तीच मावशी लिहिते, माझी भाची त्याच गावात घरी बसून शिकते आहे, तिला परत घ्या, आणि तिला न विचारता वर्गाबाहेर जाऊ द्या. का जाऊ द्या तेही सगळं सविस्तर. चित्रकलेच्या तासासकट. ठकी तिथेच उभी होती आणि दुभाषा मोठ्याने वाचत होता. पोरगी खाली मान घालून नकाशा खोडत राहिली.

तू चुगली केलीस. खोटा दाखला द्यायचा नव्हता तर नसता दिलास. पण माझ्याकडून पत्ता घेऊन, मला गोड बोलून? त्या पटाचं सोवळं तुला माझ्याहून मोठं झालं.

आता कायदा ऐक, तुला आवडतो ना. इथे परदेशी कुटुंबांना सल्ला देणारं एक केंद्र आहे, तिथल्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. या देशात तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्या प्रत्येक मुलाला शाळेत जावंच लागतं. पासपोर्ट कुठलाही असो, घरी शिकवायला परवानगी नाही. दुसऱ्या देशातल्या शाळेच्या पटावर नाव असलं तरी ते चालत नाही. म्हणजे तुझा दाखला येऊनही उपयोग नव्हता. दंड होईल, पण भीती त्याची नाही. खोटं लिहून दिलं याची नोंद ह्यांच्या राहण्याच्या परवान्याच्या फाइलला जोडली, तर ऑगस्टमध्ये परवाना वाढवून मिळणार नाही. बारा मेला सुनावणी आहे.

हे म्हणतात शेजारच्या देशात जाऊ. तिथे नाव नोंदवून घरी शिकवता येतं, वर्षाला एक तपासणी. लिफ्टा काय, सगळीकडे असतात म्हणे. रविवारी त्यांनी दोन खोकी आणली, सोमवारी परत ठेवून आले, काल पुन्हा आणली. मी सकाळपासून तीनदा कपाट आवरलंय आणि तीनदा पसरलंय.

फोन करू नकोस. मी उचलणार नाही.

बारकी


२२ एप्रिल

बारके,

सात वेळा फोन केला. उचलला नाहीस, ठीक आहे.

पत्र मी लिहिलं. सही माझी, शिक्का माझा. तुला न विचारता लिहिलं ही चूक माझी. पत्ता कशासाठी हवाय ते सांगितलं नाही, ही त्याहून मोठी. मला वाटलं, एक मुख्याध्यापिका दुसरीला लिहितेय, दोघी मिळून गुपचूप मार्ग काढतील. त्यांच्याकडे असं पत्र वर पाठवावंच लागतं हे मला ठाऊक नव्हतं. आणि तू "शाळेला कळवलंय" लिहिलं होतंस. काय कळवलंय ते मी विचारलं नाही. एरवी मी पोरांच्या चिठ्ठ्या उजेडात धरून वाचते.

का लिहिलं, ते आज सांगत नाही. पटासाठी नाही, एवढं धरून चाल.

तुझ्या पहिल्या पत्रानंतर एक झालं ते मात्र सांगते. आमच्या शाळेत मुलींच्या संडासाला कुलूप असतं. घाण होते म्हणून मीच लावायला सांगितलं होतं, सहा वर्षांपूर्वी. किल्ली कचेरीत, कारकुनाच्या डोक्यामागच्या खिळ्याला. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीने जायचं, चार पुरुष बसलेत त्या खोलीत उभं राहायचं आणि किल्ली मागायची. मी फेब्रुवारीत एक दिवस कचेरीत बसून मोजलं. दोनशे दहा मुलींपैकी दिवसभरात पाच आल्या. बाकीच्या काय करत असतील? मी सहा वर्षं त्या खिळ्यासमोरून जात-येत होते, बारके. कुलूप काढलं. कारकून म्हणाला, "बाई, घाण होईल." म्हटलं, "होऊ दे, मी धुवीन." दोनदा धुतलंही.

सुनावणीसाठी माझं निवेदन लागलं तर पाठवते. ठकीच्या वह्यांची पानं पाठव. तिची पातळी कोणत्या इयत्तेची आहे ते मी चौतीस वर्षांच्या अनुभवावर लिहून देईन, त्यात एकही अक्षर खोटं नसेल.

लिफ्टवाल्यांना सांग, खोकी उतरवून ठेवा.

तुझी ताई


४ मे

बारके,

दोन ओळी तरी लिही. पोस्टमन मला बघून आता लांबूनच हात हलवतो, काही नाही म्हणून.

ताई


१५ मे

ती. ताईस,
सा. न.

हे पत्र कसं सुरू करू कळत नाही. तीन कागद फाडले. जसं घडलं तसं सांगते.

सुनावणी चौथ्या मजल्यावर होती. लिफ्ट बंद. ह्यांनी सवयीने दार उघडून आत डोकावलं आणि म्हणाले, "दहा मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, "आज नको." जिन्याने गेलो. लांबट खोली, लांबट टेबल, पलीकडे तिघं. मधल्या बाई म्हाताऱ्या, चष्मा दोरीला बांधलेला. अलीकडे आम्ही, वकीलबाई आणि दुभाषा. ठकी माझ्या आणि ह्यांच्या मध्ये, पाय जमिनीला न टेकणारे.

वकीलबाई बोलल्या. मी कबूल केलं की खोटं लिहिलं, माफी मागितली. वह्या दाखवल्या. मला वाटत होतं, वह्या बघून तरी म्हणतील, असू दे, ही बाई शिकवतेय चांगलं. म्हाताऱ्या बाईंनी सगळी पानं उलटली. म्हणाल्या, "काम चांगलं आहे. पण परवानगी चांगल्या कामाला मिळते असं कायद्यात नाही. कायद्यात परवानगीच नाही."

मग ठकीकडे वळून, दुभाष्याला हाताने थांबवून, त्यांच्या भाषेत सावकाश विचारलं, "तुला काही सांगायचंय का?"

मी मध्ये पडले, "तिला बोलता येत नाही नीट..." तर ठकी बोलली. त्यांच्या भाषेत, ताई! भराभरा, खालच्या पोरांसारखं. चुका असतील, पण अडली नाही. मी थक्क झाले. चार ते सहा ती अंगणात हवा खात नव्हती. पोरांशी खेळत होती, भांडत होती, भाषा शिकत होती. माझ्या नाकाखाली.

आणि काय म्हणाली? म्हणाली, "ते पत्र मावशीने माझ्यामुळे लिहिलं. मीच तिला सांगितलं होतं. मला शाळेत जायचंय."

दुभाषा मराठीत सांगायला लागला. मी म्हटलं, "राहू द्या. कळलं."

म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "मग आईला का नाही सांगितलंस?"

ठकी माझ्याकडे बघेना. टेबलाला सांगावं तसं म्हणाली, "आई शिकवताना खूश असते. पूर्वी नव्हती."

ताई, त्या खोलीत मला कुणी कानशिलात मारली असती तर बरं वाटलं असतं. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, चारचौघांदेखत, जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नाही.

निकाल असा. घरी शिकवणं बंद. खोट्या पत्राबद्दल लेखी ताकीद, पण मुलगी लगेच शाळेत आली तर ती ताकीद परवान्याच्या फाइलकडे जाणार नाही. जुनी शाळा नको म्हणून दोन गल्ल्या पलीकडची दुसरी. सुट्टी लागेपर्यंत अर्धा दिवस. आणि तिला बाहेर जाताना काही बोलावं लागणार नाही, उठायचं आणि जायचं. ही शेवटची अट तुझ्या पत्रातून जशीच्या तशी उचलली आहे.

तू तिचं गुपित ठेवलंस. मी चुगली म्हटलं तेही ऐकून घेतलंस. "पटासाठी नाही एवढं धरून चाल" हे वाक्य मी बावीस वेळा वाचलं असेल आणि प्रत्येक वेळी तुझ्यावर चिडूनच वाचलं.

माफ कर म्हणायला लाज वाटते. कर.

बारकी


२८ मे

प्रिय बारके,

माफीबिफी ठेव बाजूला. सख्ख्या बहिणी आहोत, एकमेकींना एवढं तरी बोलायलाच हवं. मीही तुला काय कमी बोलले?

ठकीचं पत्र सोबत परत पाठवते. तिने "आईला दाखवू नको" म्हटलं होतं, म्हणून फोनवर तिला विचारलं. म्हणाली, "आता दाखव. पण चुका दुरुस्त करून." दुरुस्त केलेली प्रत ही:

"प्रिय मावशी, मी मजेत आहे. मला शाळेत जायचं आहे. आईला सांगू नको. आई माझ्यासाठी काम सोडून बसते. तिला वाटेल मला तिचं शिकवणं आवडत नाही. मला आवडतं. पण टेबलावर मी एकटीच असते आणि दात असतात. मला शाळेत न विचारता बाहेर जायला मिळालं पाहिजे, नाहीतर मी जाणार नाही. तू मुख्याध्यापिका आहेस. तू माझ्या मुख्याध्यापिकेला सांग. तू सांगितलंस की त्या ऐकतील, कारण तुला सगळे घाबरतात. तुझी ठकी."

यावर मी काय करायला हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. तिचं गुपित मोडून तुला सांगायला हवं होतं का? रोज वेगळं उत्तर येतं.

पण एक लक्षात ठेव. सहा महिने तू तिला जपलंस म्हणून ती पुन्हा शाळेत जायला निघाली. ते फुकट गेलं असं समजशील तर मी तिथे येऊन तुझा कान धरीन.

तुझी ताई


१६ जून

ती. ताईस,
सा. न.

ठकी तीन आठवडे शाळेत जातेय. पहिले दोन दिवस मी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. तिसऱ्या दिवशी तिने हात जोडले, "आई, जा ना घरी." मी सकाळी प्रयोगशाळेत जायला लागले. काम भराभर उरकतं आणि मला ते आवडत नाही. प्लास्टर कालवताना प्रमाण तोंडाने म्हणते, उत्तर कुणी देत नाही.

पण आज वेगळंच सांगायचंय. केंद्रातल्या वकीलबाईंचा फोन आला. आपल्या भाषेचं एक कुटुंब इथे नवीन आलंय, त्यांची अकरा वर्षांची मुलगी चार महिने घरीच आहे, आईला इथली भाषा येत नाही, तुम्ही जाऊन बोलाल का? मी काल गेले.

त्या बाईंनी दार अर्धंच उघडलं. माझ्या मराठीने ते पूर्ण उघडलं. टेबलावर वह्या, पट्ट्या, भिंतीला चिकटवलेले पाढे. ताई, माझंच घर. मी कायदा सांगितला, तीन महिन्यांचं, पासपोर्टचं, ताकीद, फाइल, सगळं. बाई म्हणाल्या, "पण ती घरीच खूश आहे हो."

मला मनातून काय वाटलं असेल तुला कळेल. मी अगदी तोऱ्यात म्हटलं, "तिला विचारलंत का कधी?"

"नाही," त्या म्हणाल्या.

मग मीच मुलीला विचारलं. ती भिंतीशी बसून पुस्तकाला कव्हर घालत होती. तिने कव्हरची घडी नीट दाबली, आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "मला घरीच शिकायचंय. मी इथल्या जवळच्या तिन्ही शाळा बघितल्यात. मला आवाज सहन होत नाही. मला घरी सगळं जमतं."

मी तयार करून नेलेलं उत्तर ठकीचं होतं. ही ठकी नव्हती. आणि कायदा दोघींना एकच.

तिच्या आईने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी मी तुझ्या पत्राकडे बघत होते. मी पाणी मागितलं, प्यायले, उगाच गॅलरीत जाऊन आले. मग म्हटलं, उद्या दहाला तयार राहा, वकीलबाईंकडे जाऊ. डॉक्टरांचा कागद लागेल, लहान वर्गाची शाळा असेल, काही सूट असेल, नसेलही. मला माहीत नाही. पण फाइल तुमच्या दारात यायच्या आत आपण जाऊ. आणि पोरीला बरोबर घ्या. तिचं तिलाच सांगू दे.

"दुभाषा कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मी आहे." ताई, माझी भाषा ठकीइतकीही नाही. आज संध्याकाळी तिला समोर बसवलंय. मी वाक्यं म्हणतेय आणि ती दुरुस्त करतेय. आत्ता एकच वाक्य पाचव्यांदा चुकलं. ती हसत नाहीये, नुसती थांबलीय. पुन्हा म्हणते.

तुझी,
बारकी